जाळे आमच्या डोंगरावर, पासवर्ड तुमच्या दालनात

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सदस्य,
ग्रामीण वाय-फाय जाळ्याची देखरेख करणारी समिती,
जिल्हा मुख्यालय

विषय: मेश जाळ्याच्या देखरेखीतून गावातील देखभाल गटांना वगळण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात आपल्या कार्यालयाचे एक पानी पत्र आमच्या ग्रामपंचायतीत आले. खोऱ्यातील वायरलेस मेश जाळ्याच्या, म्हणजे एकमेकींशी बिनतारी जोडलेल्या वाय-फाय पेट्यांच्या जाळ्याच्या, सर्व नोडचे (पेट्यांचे) स्थानिक लॉगिन सुरक्षेच्या कारणास्तव बंद करण्यात येत आहेत, यापुढे देखरेख मुख्यालयातील कक्षातून कंत्राटदारामार्फत होईल आणि ग्रामस्थांनी तक्रार असल्यास मदतवाहिनीवर फोन करावा, असा त्याचा आशय होता. पत्र आमच्या हाती पडले तेव्हा लॉगिन बंद होऊन तीन दिवस झाले होते. आमच्या खोऱ्यात मोबाइलची रेंज नाही आणि मदतवाहिनीला फोन करायचा तर तोही याच वाय-फायवरून करावा लागतो, ही गोष्ट पत्राचा मसुदा करणाऱ्यांच्या लक्षात आली नसावी.

या पत्राला आम्ही रीतसर दोन वेळा उत्तर पाठवले. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. कारण अशी जाळी आज इतरही डोंगराळ भागांत उभी राहत आहेत आणि त्यांची देखरेख कोणी, कशी व कशाच्या आधारे करायची हा प्रश्न आमच्या एका खोऱ्यापुरता राहिलेला नाही.

माझ्याविषयी थोडे सांगतो. मी ३१ वर्षे टेलिफोन मेकॅनिक म्हणून नोकरी केली. खांबावर चढणे, खांबावरचा डीपी बॉक्स उघडून तारांची ओली झालेली जोडी शोधणे, रस्त्यावरच्या पिलरपासून एक्स्चेंजमधील मुख्य चौकटीपर्यंत (एमडीएफ) लाइन तपासत नेणे, हेच माझे आयुष्य. त्या काळी ग्राहकाने १९८ वर तक्रार नोंदवली की तिला डॉकेट क्रमांक मिळे आणि तो फॉल्ट निघेपर्यंत रजिस्टरातील ती ओळ उघडी राही. आमच्या कामात उणिवा पुष्कळ होत्या. लोक आम्हाला शिव्या देत त्या काही उगाच नव्हेत. पण लाइन मृत असताना ती जिवंत आहे असे लिहून देण्याची सोय त्या रजिस्टरात नव्हती. निवृत्त होऊन मी गावी आलो आणि २०२१ मध्ये मेश जाळे उभे राहिल्यापासून देखभाल गटाचा सदस्य आहे. गटात आम्ही सात जण आहोत: बचत गटातील दोघी, शाळेचे एक शिक्षक, पिठाच्या गिरणीचे मालक, महाविद्यालयात जाणारी दोन मुले आणि मी. आम्हाला मानधन नाही, आणि ते मागण्यासाठी हे पत्र नाही.

हे जाळे कसे आहे ते वाचकांसाठी थोडक्यात सांगावे लागेल. भारतनेटची ऑप्टिकल फायबर, म्हणजे २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे या नावाने सुरू झालेल्या योजनेची केबल, आमच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येऊन थांबते. ग्रामपंचायतीच्या नऊ वाड्या मात्र दोन सोंडांच्या आड विखुरलेल्या आहेत. कार्यालयाच्या गच्चीवरच्या गेटवेपासून, म्हणजे जाळ्याला फायबरशी जोडणाऱ्या पेटीपासून, देवळाच्या टेकडीवर, तेथून धनगरवाड्यावर, वरच्या वाडीवर, शाळेवर अशा १४ पेट्या आम्ही आणि त्या वेळच्या अभियंत्यांनी मिळून बसवल्या. प्रत्येक पेटी आपल्या शेजारच्या पेट्यांशी सतत बोलत असते आणि गेटवेकडे जाणारी त्यातल्या त्यात चांगली वाट स्वतः निवडते. वाय-फायच्या मानकात २०११ मध्ये ८०२.११एस या नावाने ही पद्धत आली आणि त्याच वर्षी बॅटमन ही वाट शोधणारी प्रणाली लिनक्सच्या गाभ्यात सामील झाली. एक पेटी बंद पडली तर बाकीच्या दुसरी वाट धरतात. कोणाच्या हाताला जखम झाली तर दुसऱ्या हाताने जेवता येते, तसेच.

माझ्या तक्रारीचे मूळ या गुणातच आहे. साध्या टेलिफोन लाइनमध्ये तार तुटली की ग्राहकाला त्याच क्षणी कळते. मेश जाळ्यात दोन पेट्यांमधला एक दुवा खचला तर रहदारी मुकाट्याने दुसरीकडून वळते, कोणाला काही कळत नाही आणि जाळे लंगडत चालत राहते. त्यानंतर दुसरा दुवा जातो तेव्हा तीन वाड्या एकदम अंधारात जातात आणि मग दोष कालचा की दोन महिन्यांपूर्वीचा हे शोधणे कठीण होऊन बसते. जे जाळे स्वतःला सावरून घेते त्याच्यावर जास्त बारीक नजर ठेवावी लागते, आणि ती नजर पेटीजवळ राहणाऱ्या माणसाची लागते. आपल्या निर्णयाने नेमकी तीच काढून घेतली.

पहिली तक्रार आपल्या डॅशबोर्डावरील हिरव्या ठिपक्याबद्दल आहे. मुख्यालयातील पडद्यावर आमच्या १४ नोडचे १४ ठिपके दिसतात आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक नोडला पिंग केले जाते, म्हणजे एक लहानसा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहिले जाते. पिंगला उत्तर आले की ठिपका हिरवा. हे उत्तर म्हणजे दारावर टकटक केल्यावर आतून आलेले नुसते 'हूं' आहे. घरात कोणीतरी जिवंत आहे एवढेच त्यावरून कळते. तो माणूस उठून पाणी भरू शकतो का, हे कळत नाही. पिंगचे माहितीचे पाकीट लहान असते. सिग्नल अगदी क्षीण झाला आणि दुवा सर्वांत खालच्या वेगावर आला तरी ते कसेबसे पोहोचते. शाळेतील तीस मुलांचा व्हिडिओ किंवा रेशन दुकानातील ई-पॉस यंत्राचा व्यवहार मात्र पोहोचत नाही.

गेल्या जूनमधली गोष्ट सांगतो. पावसाच्या आधी वादळी वारा सुटला आणि धनगरवाड्यावरचा अँटेना खांबाच्या क्लॅम्पमध्ये थोडा फिरला. फार नाही, माणसाने मान वळवावी इतकाच. गटातील एका ताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगिन करून पाहिले तेव्हा टेकडीकडील दुव्याचा सिग्नल उणे ६२ डीबीएमवरून उणे ८१ वर आला होता. डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचे माप आहे; उण्याचा आकडा वाढला की सिग्नल क्षीण झाला. हे आकडे लॉगरिदमच्या मापाने चालतात. तीन डेसिबल कमी झाले की शक्ती निम्मी होते. १९ डेसिबलची घट म्हणजे पोहोचणारी शक्ती सुमारे ऐंशी पटींनी कमी. मग धनगरवाड्याची पेटी कधी टेकडीकडची दुबळी वाट धरू लागली, तर कधी वरच्या वाडीवरून फिरून जाणारी चार टप्प्यांची. आमच्या पेट्यांमध्ये ज्या रेडिओवर घ्यायचे त्याच रेडिओवरून पुढे द्यायचे असल्याने टप्पे वाढतील तसा वेग निम्म्यावर, तिसऱ्या हिश्शावर उतरतो. शिवाय वाट बदलताना चालू असलेला व्यवहार तुटतो. ई-पॉस यंत्रावर म्हाताऱ्या माणसांनी अंगठा लावायचा, यंत्राने बराच वेळ विचार करायचा आणि शेवटी नकार द्यायचा, असे रोज चालले होते. दोन आजी तर पावसातून तीन वेळा खाली आल्या आणि रिकामी पिशवी घेऊन वर गेल्या.

आम्ही कळवले. मुख्यालयातून उत्तर आले की धनगरवाड्याचा नोड चालू आहे. आम्ही आकडे पाठवले. पुन्हा उत्तर आले की नोड चालूच आहे. खांबावरील साहित्याला परवानगीशिवाय हात लावायचा नाही अशी अट असल्याने आम्ही थांबलो आणि परवानगी अकराव्या दिवशी मिळाली. पाना घेऊन वर गेल्यावर काम वीस मिनिटांचे निघाले: एक जण अँटेना हळूहळू फिरवत होता आणि दुसरा खाली फोनवरचे आकडे वाचून दाखवत होता. उणे ६१ दिसल्यावर बोल्ट आवळले. त्या अकराही दिवसांत आपल्या पडद्यावर तो ठिपका एकदाही लाल झाला नव्हता. तेव्हा निदान आमच्याकडे लॉगिन होते, म्हणून दोष कुठे आहे हे आम्हाला माहीत होते. आज तसे घडले तर आम्हाला एवढेच सांगता येईल की 'नेट येत नाही', आणि आपला पडदा सांगेल की येते आहे.

याच ठिपक्यांची महिन्याअखेर सरासरी काढून आपण उपलब्धतेची टक्केवारी छापता आणि कंत्राटदाराचे बिल तिच्यावर ठरते. ९९ टक्के ऐकायला छान वाटते, पण ३० दिवसांच्या महिन्यात उरलेला एक टक्का म्हणजे सात तासांहून अधिक काळ होतो आणि हे सात तास रेशनवाटपाच्या दिवशीच आले तर सरासरी त्याची दखल घेत नाही. १४ नोडपैकी एक संपूर्ण महिना बंद राहिला तरी जाळ्याची उपलब्धता ९२ टक्क्यांच्या वर दिसते. त्या एका नोडखाली राहणाऱ्या घरांसाठी ती शून्य असते.

दुसरी तक्रार पावसाबद्दल आहे, आणि येथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण गेली चार वर्षे जून ते सप्टेंबर आमच्या प्रत्येक तक्रारीवर 'पावसामुळे सिग्नल कमी' एवढेच उत्तर मिळत आले आहे. आमच्या पेट्या एकमेकींशी ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात बोलतात. या पट्ट्यात ताशी १०० मिलिमीटर पावसातसुद्धा, म्हणजे छत्री असून नसल्यासारखी होते अशा पावसात, किलोमीटरमागे साधारण एक डेसिबलच्या आसपास नुकसान होते. आमचा सर्वांत लांबचा दुवा दोन किलोमीटरचा आहे. पडणारा पाऊस त्याला जेमतेम शिवतो. पावसात आमचे दुवे पडतात हे खरे. पण ते पाडणारा पडता पाऊस नसतो. पावसासोबत येणाऱ्या, आणि माणसाच्या हाताने बऱ्याच अंशी थांबवता येणाऱ्या, इतर गोष्टी ते पाडतात.

त्यांतली मोठी गोष्ट झाडांची. दोन अँटेनांमध्ये नुसती नजर पोहोचून भागत नाही. त्या नजरेच्या रेषेभोवती एक लांबट, मधोमध फुगलेला पट्टा मोकळा असावा लागतो, त्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. दोन किलोमीटरच्या आमच्या दुव्यात मधोमध त्याची त्रिज्या सुमारे पाच मीटर येते आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे तीन मीटर, मोकळा हवा असतो. जाळ्याची पाहणी २०२१ च्या फेब्रुवारीत झाली. आमच्या डोंगरावर साग आहे, ऐन आहे. फेब्रुवारीत साग निष्पर्ण उभा असतो आणि त्याच्या काटक्यांतून सिग्नल आरपार जातो. जुलैत त्याच सागाला सुपाएवढी पाने आलेली असतात आणि ती पाण्याने निथळत असतात. ओले पान रेडिओ लहरी गिळते. पाहणी करणाऱ्यांना हे आम्ही त्याच दिवशी सांगितले होते, पण त्यांच्या नकाशात डोंगराची उंची होती, झाडाचे पान नव्हते. यावर उपाय महागडा नाही. कोणता दुवा ज्येष्ठात किती खाली येतो आणि कार्तिकात किती वर जातो हे चार वर्षांच्या आकड्यांवरून दिसते, त्यावरून कुठे खांब दोन मीटर उंच करायचा आणि कुठली पेटी शेजारच्या सोंडेवर हलवायची हे ठरवता येते. ते आकडे आमच्या वहीत आहेत. एक्स्चेंजमधील फॉल्ट रजिस्टरच्या सवयीने मी पहिल्या दिवसापासून रोज सकाळी प्रत्येक दुव्याचा सिग्नल, वेग आणि बॅटरीचे व्होल्ट लिहून ठेवत आलो. मी नसलो तर गिरणीवाले लिहीत. गेल्या महिन्यापासून त्या वहीत नुसत्या तारखा आहेत.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण जाळे त्यांनीच मरते. केबल पेटीत शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर घ्यायची असते, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळातून टपकते आणि जोडाच्या आत जात नाही. तीन ठिकाणी कंत्राटदाराच्या माणसांनी केबल सरळ वरून आत घातली आहे. जोडावरचा रबरी टेप उन्हाने दोन-तीन वर्षांत तडकतो आणि आत हिरवट गंज धरतो. उन्हाळ्यात पेटीच्या मागे गांधीलमाश्या घर करतात, वानरे केबलला लोंबकळतात. धरमशाळेच्या डोंगरात २००५ मध्ये उभ्या राहिलेल्या मेश जाळ्याच्या लोकांनीही माकडांनी अँटेनांना लोंबकळण्याचे अनुभव सांगितले आहेत, तेव्हा आमची वानरे काही विशेष खोडकर नाहीत. यांपैकी प्रत्येक दोषाची खूण आकड्यांत वेगळी उमटते: पाणी शिरलेला जोड पावसानंतर दोन दिवस सुकत जातो तसा सिग्नल हळूहळू सुधारतो, झाडाचा दोष ऋतूभर टिकतो, फिरलेला अँटेना एका रात्रीत पडतो आणि तिथेच राहतो. रोज आकडे पाहणारा माणूस शिडी लावण्यापूर्वीच सांगू शकतो की वर काय सापडेल. पाच मिनिटांच्या पिंगमधून यांतले काहीच सांगता येत नाही.

विजेबद्दल थोडक्यात लिहितो. पाच नोड सौर पॅनेल आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. आषाढात सलग चार दिवस धुके राहिले की बॅटरी पहाटे तीनच्या सुमारास हात टेकते आणि दुपारी उन्हाची तिरीप आली की पेटी पुन्हा उठते. आपल्या नोंदीत याला 'नोड रीस्टार्ट' म्हटले जाते आणि त्याचा रंग पिवळा असतो. शिशाच्या बॅटरीला असे वरचेवर तळापर्यंत उपसले तर ती एका पावसाळ्यात निकामी होते. व्होल्टचा आकडा पेटी स्वतः देते. तो गोळा करण्याची तसदी आपल्या यंत्रणेने घेतलेली नाही, आणि आम्ही घेत होतो ते बंद केले.

आता आपण दिलेल्या कारणाकडे, म्हणजे सुरक्षेकडे येतो. येथे आमची एक चूक प्रथम कबूल करतो. आम्ही सात जण एकच पासवर्ड वापरत होतो आणि तो ग्रामपंचायतीच्या कपाटाच्या दाराआड कागदावर लिहिलेला होता. ते चुकीचे होते आणि त्याबद्दल आपण आम्हाला बोलला असता तर ते ऐकून घेणे आमचे कर्तव्य होते. पण घराचा कडी-कोयंडा सैल आहे म्हणून घरातल्या माणसांना बाहेर काढायचे नसते. प्रत्येकाला स्वतःच्या नावाचे लॉगिन द्यावे, त्यातील बहुतेकांना फक्त पाहण्याचा अधिकार असावा, बदल करण्याचा अधिकार दोघांना असावा आणि कोणी केव्हा काय बदलले याची नोंद आपोआप व्हावी. ही सोय या प्रकारच्या बहुतेक व्यवस्थापन प्रणालींत आधीपासून असते.

सुरक्षेचाच प्रश्न असेल तर दोन गोष्टी आपल्या बाजूच्याही पाहाव्या लागतील. आपला कक्ष नोडची माहिती एसएनएमपी या, उपकरणांची स्थिती दूरून वाचण्याच्या पद्धतीच्या, दुसऱ्या आवृत्तीने वाचतो, जिच्यात परवलीचा शब्द उघड्या अक्षरांत जाळ्यावरून जातो. माहिती झाकून नेणारी तिसरी आवृत्ती २००२ मध्येच पूर्ण मानक झाली आहे. दुसरे असे की आमच्या पेट्यांमधील फर्मवेअर, म्हणजे पेटी चालवणारे आतले सॉफ्टवेअर, बसवल्या दिवसापासून बदललेले नाही. त्यानंतर, २०२१ च्या मे महिन्यात, वाय-फायमधील फ्रॅगअटॅक्स नावाच्या दोषांचा संच जगजाहीर झाला आणि उत्पादकांनी त्यावर दुरुस्त्या काढल्या. आमच्या १४ पेट्यांपर्यंत त्यांतील एकही आलेली नाही. कपाटाच्या दाराआडचा कागद धोक्याचा होता हे मान्य. पण चार वर्षे अद्ययावत न केलेल्या पेट्यांबद्दल एकपानी पत्रात एक ओळही नव्हती.

आणि लॉगिन गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात जे घडले ते तर येथे नोंदवायलाच हवे. मुख्यालयातून सर्व दुव्यांचे चॅनेल, म्हणजे पेट्या ज्या वारंवारतेवर एकमेकींशी बोलतात ती, बदलण्याची आज्ञा पाठवण्यात आली. चॅनेल बदलण्याला माझा विरोध नाही, कदाचित ते योग्यही असेल. पण मेश जाळ्यात असा बदल करायचा तर आधी सर्वांत टोकाची पेटी, मग तिच्या अलीकडची आणि शेवटी गेटवे, असे मागून पुढे यावे लागते. फर्मवेअरचेही तेच. गेटवे आधी नव्या चॅनेलवर गेला तर पलीकडच्या पेट्या जुन्या चॅनेलवर हाका मारत राहतात आणि त्यांना नवी आज्ञा पोहोचवणारा रस्ताच उरत नाही. शिडीवर उभे राहून शिडी ओढून घेण्यातला हा प्रकार आहे आणि तो तसाच झाला. सकाळी अकराला आज्ञा सुटली आणि १३ पेट्या गेटवेपासून तुटल्या. आम्ही पेटीच्या पायथ्याशी उभे होतो, लॅपटॉप होता, केबल होती. फक्त लॉगिन नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी कंत्राटदाराकडील एक तरुण आला, त्याला वाट दाखवायला आमच्या गटातील मुलगी बरोबर गेली, आणि त्याने एकेका पेटीला केबल लावून प्रत्येकी दोन मिनिटांचे काम केले. मुलगा भला होता, चहाला थांबला. संपूर्ण जिल्ह्यासाठी आपण दोनच माणसे आहोत असे त्याने सांगितले. माझा रोष त्याच्यावर नाही.

तक्रार नोंदवण्याच्या पद्धतीबद्दल एवढेच म्हणतो की मदतवाहिनीवर तक्रारीला क्रमांक मिळत नाही, त्यामुळे त्याच दोषासाठी पाचव्यांदा फोन करणारा माणूस प्रत्येक वेळी नवा ठरतो.

हे सर्व वाचून आपल्याला वाटेल की गावातील लोकांच्या हाती जाळे देणे ही स्वप्नाळू कल्पना आहे. तसे नाही. स्पेनमधील कातालुन्यात गुइफी नावाचे जाळे २००४ पासून लोकांच्या वर्गणीतून आणि देखभालीतून वाढले, आणि त्याच्या नोडची स्थिती कोणालाही पाहता येते. जर्मनीतील फ्रायफुंक गट आपापल्या शहरांतील नोडचे नकाशे उघडे ठेवतात. कोणता नोड चालू, कोणता बंद, कोणाला किती जण जोडलेले, हे रस्त्यावरच्या माणसाला दिसते. आणि इतके दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने खेड्यांत बिनतारी जाळे नेले तेव्हा त्यात पंचायतीला भागीदार मानण्याची मांडणी केली होती. केंद्र सरकारने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त केला, डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर करून चहाच्या टपरीला आणि किराणा दुकानालाही परवान्याशिवाय वाय-फाय विकण्याची मुभा दिली. टपरीवाल्याला इंटरनेट विकण्याइतके विश्वासार्ह मानणाऱ्या देशात आम्हाला आमच्याच टेकडीवरील सिग्नलचा आकडा पाहण्याइतकेही विश्वासार्ह मानू नये, याचे कारण आपण द्यावे.

आमच्या मागण्या अशा आहेत. स्थानिक देखभाल गटातील प्रत्येक सदस्याला त्याच्या नावाने पाहण्याचे लॉगिन पंधरा दिवसांच्या आत द्यावे आणि प्रत्येक खोऱ्यातील किमान दोन सदस्यांना, हवे तर प्रशिक्षण व लेखी परीक्षा घेऊन, पेटीजवळ उभे राहून दुरुस्ती करण्याचा अधिकार द्यावा. नोड 'चालू' आहे याची व्याख्या बदलावी: पिंगला उत्तर आले एवढ्यावर न थांबता प्रत्येक दुव्याचा सिग्नल, प्रत्यक्ष वेग, पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पाकिटांचे प्रमाण, गेटवेपर्यंतचे टप्पे आणि बॅटरीचे व्होल्ट मोजावेत, दुव्याचा सिग्नल त्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा १० डेसिबलने खाली आला की ठिपका पिवळा व्हावा आणि गटाला सूचना जावी. उपलब्धता जाळ्याची सरासरी म्हणून न छापता नोडनिहाय छापावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर दर महिन्याला लागावी. कंत्राटदाराचे बिलही नोडनिहायच काढावे.

चॅनेल किंवा फर्मवेअरचा कोणताही बदल दूरस्थपणे करण्यापूर्वी गटाला दोन दिवस आधी कळवावे, तो टोकाकडून गेटवेकडे या क्रमाने करावा आणि त्या वेळी वाडीत माणूस हजर असावा. थकलेली फर्मवेअर अद्ययावतीकरणे पावसाळ्यापूर्वी पूर्ण करावीत. दोन सुट्या पेट्या, एक अँटेना, एक बॅटरी, रबरी टेप आणि केबल एवढे साहित्य ग्रामपंचायतीत कुलपात ठेवावे. मुख्यालयातून एक क्लॅम्प यायला नऊ दिवस लागतात आणि तो क्लॅम्प तालुक्याच्या बाजारात ऐंशी रुपयांना मिळतो. प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा आणि तक्रारदाराने होकार दिल्याशिवाय ती बंद करू नये. शेवटची मागणी सर्वांत साधी आहे: जुलै महिन्यात समितीच्या एका सदस्याने आमच्या खोऱ्यात एक दिवस यावे. राहण्याची सोय आम्ही करू.

यांपैकी कोणत्या मागणीला आपला आक्षेप आहे आणि का, हे आपण लेखी कळवले तर त्यावर चर्चेला आम्ही मुख्यालयात येऊ. चार वर्षांची वही बरोबर आणू. तिची प्रत समितीला हवी असल्यास आजच देतो.

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. त्यापूर्वी टेकडीवरच्या तीन जोडांचा टेप बदलायचा आहे, केबलला झोळ द्यायचा आहे आणि वरच्या वाडीचा अँटेना गेल्या दिवाळीपासून दोन डेसिबलने घसरतो आहे तो पाहायचा आहे. शिडी गिरणीत ठेवली आहे, टेप गटाने वर्गणीतून आणला आहे. अँटेना किती फिरवल्यावर थांबायचे, हे ज्या आकड्यावरून कळते तो आकडा पाहण्यासाठी लॉगिन हवे आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टेलिफोन मेकॅनिक,
देखभाल गटातील सात सदस्यांच्या वतीने